आयझॅक हेजला हवी होती ती मोकळीक

दुसऱ्यांसाठी गाणी लिहिणारा माणूस स्वतः गायला लागला आणि मोठा झाला, की त्याची गोष्ट एका ठरलेल्या पद्धतीने सांगितली जाते. बरीच वर्षं तो पडद्यामागे होता, मग एक दिवस त्याला ‘स्वतःचा आवाज सापडला’ आणि त्याने संगीतप्रकारांच्या भिंती पाडल्या. अमेरिकेतल्या मेम्फिस शहराच्या आयझॅक हेज या कृष्णवर्णीय गीतकार-गायकाबद्दलही असंच लिहिलं जातं. मला ही मांडणी पटत नाही. ती ऐकायला गोड आहे, पण तिच्यामुळे खरा प्रश्न झाकला जातो. हेजचा आवाज कधी हरवलेलाच नव्हता. गाणं किती लांब असावं, त्यात कोणती वाद्यं असावीत, ते कोणत्या श्रोत्यासाठी आहे, हे ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे नव्हता. तो अधिकार हाती आला तेव्हा त्याने काय केलं आणि कमाईवरचा हक्क हातून गेला तेव्हा त्याचं काय झालं, हे दोन्ही एकत्र पाहायला हवं.

हेजचा जन्म १९४२चा, टेनेसी राज्यातल्या कव्हिंग्टन गावचा. आजी-आजोबांनी वाढवलं, लहानपणी शेतात कापूस वेचला, चर्चमध्ये गायला आणि मग मेम्फिसला आला. शाळा मध्येच सुटली होती, ती एकविसाव्या वर्षी पूर्ण केली. दिवसा मांसप्रक्रियेच्या कारखान्यात राबायचं आणि रात्री क्लबांत वाजवायचं, अशी त्याची उमेदीची वर्षं गेली. स्टॅक्स रेकॉर्ड्स या कंपनीने ऑडिशनमध्ये त्याला नाकारलं होतं. पुढे तिथला नेहमीचा ऑर्गनवादक बुकर टी. जोन्स शिक्षणासाठी इंडियानाला गेला, तेव्हा त्याच्या जागी वाजवायला माणूस हवा म्हणून हेजला बोलावणं आलं.

स्टॅक्स म्हणजे ईस्ट मॅक्लेमोर अव्हेन्यूवरचं एक जुनं चित्रपटगृह. जिम स्टुअर्ट आणि त्याची बहीण एस्टेल ॲक्स्टन या दोघा गोऱ्या भावंडांनी तिथे स्टुडिओ थाटला होता. खुर्च्या काढल्या, पण प्रेक्षागृहाच्या जमिनीचा उतार तसाच राहिला. पॉपकॉर्न विकण्याच्या जागी रेकॉर्डचं दुकान होतं. आसपासची पोरं तिथे कोणतं गाणं पुन्हा लावायला सांगतात, याकडे एस्टेलबाईंचं बारीक लक्ष असे. डेव्हिड पोर्टर समोरच्या किराणा दुकानात कामाला होता आणि जोडीला विम्याच्या पॉलिसी विकायचा. हेज आणि पोर्टर यांची जोडी जमली, आणि पुढच्या काही वर्षांत दोघांनी मिळून सुमारे २०० गाणी केली. सॅम अँड डेव्ह या जोडगोळीचं ‘होल्ड ऑन, आय’म कमिन’ (१९६६) आणि ‘सोल मॅन’ (१९६७) ही त्यातली सगळ्यांत गाजलेली. पहिल्याचा जन्म असा झाला: पोर्टर स्वच्छतागृहात गेला होता, हेज ‘लवकर ये’ म्हणून ओरडला, आणि आतून जे उत्तर आलं तेच गाण्याचं धृपद झालं. दुसऱ्याचं मूळ गंभीर आहे. १९६७च्या जुलैमध्ये डेट्रॉइट पेटलं होतं. दुकान कृष्णवर्णीयांचं आहे, जाळू नका, हे कळावं म्हणून लोकांनी दारांवर ‘सोल’ हा कृष्णवर्णीयांच्या अभिमानाचा शब्द लिहिलेला हेजने टीव्हीवर पाहिला. त्यातून ते गाणं आलं.

हेजला स्वरलिपी लिहिता-वाचता येत नव्हती. ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाल्यांना तो त्यांची ओळ गाऊन दाखवायचा. गायकांनाही प्रत्येक जागा गाऊन शिकवायचा. म्हणजे त्या गाण्यांवर नाव दुसऱ्यांचं असलं, तरी कुठे श्वास घ्यायचा, कुठे ओरडायचं, कुठे ब्रासने मध्ये घुसायचं, हे सगळं आधी हेजच्या गळ्यातून येऊन गेलेलं असायचं. ज्याला आवाज सापडायचा आहे तो माणूस असा नसतो.

त्याला अडवत होती ती बाजाराने आखून ठेवलेली चौकट. तिचा इतिहास जुना आहे. १९२०च्या दशकात अमेरिकन रेकॉर्ड कंपन्यांनी कृष्णवर्णीय गायकांच्या तबकड्या ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणून वेगळ्या विकायला सुरुवात केली आणि दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या ग्रामीण संगीताला ‘हिलबिली’ हे नाव दिलं. दोन्हीकडच्या वादकांच्या गाण्यांत, वाद्यांत आणि चालींत प्रचंड देवाणघेवाण होती. तरी फळ्या वेगळ्या झाल्या, कारण गिऱ्हाईक वेगळं धरलं होतं. गाजणाऱ्या गाण्यांच्या याद्या छापणाऱ्या ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाने १९४९मध्ये यादीचं ‘रेस’ हे नाव बदलून ‘रिदम अँड ब्लूज’ केलं, १९६९मध्ये त्याचं ‘सोल’ केलं. नावं सुधारत गेली, पण यादी गायकाच्या कातडीवरून ठरते हे मुळातलं गृहीतक तसंच राहिलं.

या चौकटीचे व्यवहारातले नियम कडक होते. कृष्णवर्णीय कलाकाराने ४५ गतीची छोटी तबकडी काढायची, गाणं तीन मिनिटांच्या आसपास आटोपायचं, म्हणजे रेडिओ ते वाजवील. मोठी तबकडी म्हणजे दोन-तीन गाजलेली गाणी आणि बाकी भरताड. ‘कृष्णवर्णीय श्रोता अल्बम विकत घेत नाही’ हे धंद्यातलं ठाम मत होतं. ते खरं आहे का, हे पाहण्याची तसदी कुणी घेतली नव्हती, कारण त्याला घेण्यासारखा अल्बमच फारसा कुणी दिला नव्हता.

मग पाच-सहा महिन्यांत स्टॅक्सवर आभाळ कोसळलं. १० डिसेंबर १९६७ रोजी स्टॅक्सचा गायक ओटिस रेडिंग आणि त्याच्यासोबत वाजवणाऱ्या बार-केज या वाद्यवृंदातली बहुतेक तरुण पोरं विस्कॉन्सिनमध्ये विमान तलावात कोसळून गेली. ४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिसमध्येच मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. ती ज्या लोरेन मोटेलमध्ये झाली, तिथे स्टॅक्सचे कलाकार राहायचे, गाणी लिहायचे. त्या धक्क्याने जवळपास वर्षभर आपल्याकडून काही लिहून झालं नाही, असं हेजने पुढे सांगितलं आहे. आणि त्याच सुमाराला, वितरण करणारी अटलांटिक कंपनी विकली गेली तेव्हा, जिम स्टुअर्टला कळलं की आपण नीट न वाचता सही केलेल्या करारानुसार आपल्या आजवरच्या ध्वनिमुद्रणांची मालकी अटलांटिककडे आहे. सॅम अँड डेव्हही अटलांटिकचे होते, तेही परत गेले. हेज आणि पोर्टरच्या गाण्यांचे गळेच निघून गेले.

हाती एकही जुनं गाणं नसलेली कंपनी उभी करायची, तर माल हवा. सूत्रं हाती घेतलेल्या अल बेलने ठरवलं की १९६९च्या मध्यापर्यंत एकदम २७ अल्बम काढायचे. सगळ्यांना कामाला लावलं, त्यात हेजही आला. त्याचा आधीचा १९६८चा एकल अल्बम चालला नव्हता, त्यामुळे याही वेळी त्याच्याकडून कुणाला फार अपेक्षा नव्हती. या वेळी मला हवं तसं करू द्या, एवढीच त्याची अट होती. २७ अल्बमांपैकी एखादा पडला तर पडला, म्हणून ती मान्य झाली. ‘हॉट बटर्ड सोल’ हा अल्बम असा निघाला. प्रतिभेला संधी मिळाली ती कुणाचं लक्ष नव्हतं म्हणून, हे माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं सत्य आहे.

अल्बममध्ये गाणी फक्त चार. त्यातलं शेवटचं, ‘बाय द टाइम आय गेट टू फिनिक्स’, १८ मिनिटं ४२ सेकंदांचं. हे जिमी वेबने लिहिलेलं आणि ग्लेन कॅम्पबेल या गोऱ्या गायकाने गाजवलेलं, कंट्रीकडे, म्हणजे गोऱ्यांच्या ग्रामीण संगीताकडे झुकणारं छोटं गाणं. मूळ गाण्यात एक माणूस प्रेयसीला सोडून गाडीने निघतो आणि ती आत्ता काय करत असेल याचा विचार करत राहतो, एवढंच आहे. हेजने ते मेम्फिसच्या टिकी क्लबमध्ये गायला घेतलं तेव्हा लोक आपापल्या गप्पांत होते. त्याने वादकांना एकाच सुरावलीवर थांबायला सांगितलं आणि गायच्या ऐवजी बोलायला लागला. हा माणूस कोण, ती कोण, त्याने काय सोसलं, किती वेळा निघाला आणि परत आला. हळूहळू क्लब शांत झाला, आणि मग त्याने गाणं सुरू केलं.

ध्वनिमुद्रणात हेच आहे. ऑर्गनचा एक स्वरसमूह धरून ठेवलेला, बेसचे मोजके टोले, झांजेवर घड्याळासारखी टिकटिक, आणि त्यावर हेजचं खर्जातलं बोलणं आठ मिनिटांहून जास्त चालतं. पहिली ओळ गायली जाते तोवर त्या गाडीतल्या माणसाचं अख्खं चरित्र आपल्याला ठाऊक झालेलं असतं. मग व्हायोलिनं येतात, ब्रास येतं, आणि मुळात जे तीन मिनिटांचं टिपण होतं त्याची कादंबरी होते. बोलण्याची पद्धत कृष्णवर्णीय चर्चमधल्या प्रवचनाची, गाणं कंट्रीचं, तंतुवाद्यांचा थाट सिनेमासंगीताचा, आणि तळाशी ताल वाजवणारी पोरं विमान अपघातानंतर नव्याने उभ्या राहिलेल्या बार-केजची. बर्ट बॅकरॅक आणि हॅल डेव्हिडचं ‘वॉक ऑन बाय’ हे डिऑन वॉरविकने तीन मिनिटांच्या आत गायलेलं गाणं इथे १२ मिनिटांचं होतं आणि त्यात खरखरीत इलेक्ट्रिक गिटार आणि व्हायोलिनं एकमेकांना उत्तरं देतात. यातलं काहीही १९६९ साली हेजला नव्याने सुचलेलं नव्हतं. चर्च त्याच्यात लहानपणापासून होतं, दुसऱ्यांची गाणी क्लबात तो कायमच गात आला होता, व्हायोलिन-ब्रासची रचना स्टुडिओत रोज करत होता. नवीन एवढंच घडलं की ‘तीन मिनिटं झाली, थांब’ असं म्हणणारं कुणी समोर नव्हतं.

तो अल्बम दहा लाखांहून अधिक खपला. सोल आणि जॅझ या दोन्ही याद्यांत पहिला आला, पॉपच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत गेला. एकच तबकडी तीन फळ्यांवर ठेवावी लागली, आणि कृष्णवर्णीय श्रोता अल्बम घेत नाही हे मत एका फटक्यात निकालात निघालं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मी गांभीर्याने घेतो. वेगळी यादी, वेगळा रेडिओ, वेगळी दुकानं यांमुळेच तर कृष्णवर्णीय कलाकारांना स्वतःचा श्रोता मिळाला, असं अनेक अभ्यासक म्हणतात. मेम्फिसचं डब्ल्यूडीआयए हे रेडिओ केंद्र १९४९पासून संपूर्ण वेळ कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी चाललं. त्याने त्या समाजाला बातम्या दिल्या, रोजगार दिला, कलाकार दिले. ते नसतं तर स्टॅक्सही नसती. हे खरं आहे. समाज स्वतःसाठी बांधतो ते घर मला मान्यच आहे. पण त्याच घराच्या दाराला बाहेरून कडी लागते, म्हणजे तुझा श्रोता एवढाच, तुझं गाणं एवढंच लांब, व्हायोलिनं तुझी नाहीत असं सांगितलं जातं, तेव्हा माझा विरोध सुरू होतो. आणि हेजने ते घर सोडलं नाही हेही लक्षात घ्या. पॉपच्या श्रोत्याला आवडावं म्हणून त्याने स्वतःला पातळ केलं नाही. उलट बॅकरॅकच्या गाण्याला मेम्फिसला यायला लावलं. २० ऑगस्ट १९७२ रोजी लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये स्टॅक्सने वॉट्स या कृष्णवर्णीय वस्तीच्या रहिवाशांसाठी भरवलेल्या मैफलीला एक डॉलर तिकिटात लाखभर माणूस लोटला, आणि शेवटी मंचावर आला तो हेज. त्याच दिवशी त्याला ३० वर्षं पूर्ण झाली होती. चार महिन्यांपूर्वीच ‘शाफ्ट’ या चित्रपटाच्या शीर्षकगीतासाठी त्याला ऑस्कर मिळालं होतं. सर्वोत्कृष्ट गीताचं ऑस्कर मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय संगीतकार.

हा प्रश्न जुना झाला म्हणावं, तर तसंही नाही. २०१९मध्ये लिल नास एक्स या कृष्णवर्णीय गायकाचं ‘ओल्ड टाउन रोड’ बिलबोर्डने कंट्रीच्या यादीतून काढलं, कारण त्यात कंट्री पुरेसं नाही असं त्यांचं म्हणणं पडलं. तेच गाणं मग सर्वसाधारण यादीत सलग १९ आठवडे पहिलं राहिलं. ‘पुरेसं’ कोण मोजतं, हा प्रश्न हेजच्या काळातही हाच होता.

आता दुसरा भाग, ज्याबद्दल फार कमी बोललं जातं. मोकळीक मिळाली, पण मालकी मिळाली नाही. १९७४मध्ये थकलेल्या पैशांसाठी हेजला स्टॅक्सवर दावा लावावा लागला. १९७५च्या अखेरीस स्टॅक्स बंद पडली. १९७६मध्ये हेज दिवाळखोर झाला, कर्ज ६० लाख डॉलरहून जास्त. त्याची राहणी खर्चिक होती हे खरं, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण दिवाळखोरीत घर आणि गाड्या जाणं वेगळं, आणि लिहिलेल्या, गायलेल्या, ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यांची यापुढची सगळी कमाई जाणं वेगळं. हेजची तीही गेली. पुढच्या वीस वर्षांत हिप-हॉपवाल्यांनी त्याच्या तबकड्यांचे तुकडे घेऊन नवी गाणी उभी केली. पब्लिक एनिमीने घेतले, गेटो बॉइजने घेतले, नटोरियस बी.आय.जी.ने घेतले, इंग्लंडच्या पोर्टिसहेडने घेतले. एका अख्ख्या पिढीचा ताल त्याच्या अल्बमांतून निघाला आणि तो मात्र पैशांसाठी सिनेमा-टीव्हीतली कामं करत होता.

यातही एक आणखी बारीक अन्याय दडलेला आहे, आणि मला तो सगळ्यांत जास्त बोचतो. ‘वॉक ऑन बाय’ कायद्याने बॅकरॅक आणि डेव्हिडचं. शब्द त्यांचे, चाल त्यांची, म्हणून रचनेचं मानधन त्यांना, आणि ते रास्तच आहे. पण तो १२ मिनिटांचा डोलारा, ती गिटार, ती व्हायोलिनांची लाट, ज्यासाठी नव्या पोरांनी ती तबकडी उचलली, ती हेज आणि त्याच्या सहकाऱ्यांची निर्मिती. अमेरिकन कायदा दुसऱ्याचं गाणं नव्याने गाणाऱ्याला त्या गाण्याची मांडणी आपल्या ढंगात बसवू देतो, पण मूळ मालकाच्या संमतीशिवाय त्या मांडणीवर स्वतंत्र हक्क देत नाही. म्हणजे संगीतप्रकारांची सरमिसळ नेमकी ज्या कामात होते, त्या कामालाच रचना म्हणून किंमत नाही.

इथे मला आपल्याकडचं आठवल्याशिवाय राहत नाही. सी. रामचंद्र यांनी १९५१च्या ‘अलबेला’त स्वतः चितळकर या नावाने गाणीही गायली आणि हिंदी गाण्यात जॅझचा धुमाकूळ आणला, तेव्हा त्यांच्या बाजूला ट्रम्पेट घेऊन उभे होते गोव्याचे चिक चॉकलेट. शंकर-जयकिशन यांच्या भव्य वाद्यवृंदाच्या स्वरलिपी वर्षानुवर्षं लिहिल्या गोव्याच्याच सेबॅस्टियन डिसोझा यांनी. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी पाश्चात्त्य स्वरमेळ आणि हिंदुस्थानी राग एका कागदावर आणण्यात आयुष्य घातलं. मराठीत अनिल मोहिले यांनी किती गाण्यांचं संयोजन, म्हणजे चालीभोवतीची वाद्यांची मांडणी, केलं याची मोजदाद करायला बसलं तर दिवस पुरणार नाही. ‘हिंदी सिनेमासंगीत म्हणजे सगळ्या शैलींचा संगम’ असं आपण अभिमानाने म्हणतो. तो संगम ज्यांच्या हातून झाला त्या गोवेकर संयोजकांना आणि वादकांना कामापुरते पैसे मिळाले. तबकडीवर बहुतेकदा नावही आलं नाही.

२०१२मध्ये आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी तिच्यासाठी पोटतिडकीने बाजू मांडली. सिनेमातल्या गाण्याचे शब्द आणि चाल यांवरचा रॉयल्टीचा वाटा लिहून देऊन टाकता येणार नाही, असं त्या दुरुस्तीने ठरवलं. दिवाळखोर हेजला असं कवच असतं तर त्याची म्हातारपणची वर्षं निराळी गेली असती. म्हणून मी या दुरुस्तीला मनापासून मोठी मानतो. पण तिच्यात गीतकार आहे, संगीतकार आहे, सादर करणारा कलाकार आहे. संयोजकाला संयोजक म्हणून काहीच नाही. कायद्याच्या लेखी संयोजन करण्याची परवानगी हाही मूळ संगीतकाराच्याच हक्कांपैकी एक हक्क आहे. नियम तयार झाले तेव्हा चाल हेच गाण्याचं शरीर होतं. आज गाणं ओळखलं जातं ते सुरुवातीच्या चार सेकंदांच्या ध्वनीवरून, तालावरून, एखाद्या वाद्याच्या तुकड्यावरून, आणि ते बनवणारा अजूनही रोजंदारीवर आहे.

माझं म्हणणं असं की संयोजकाला रॉयल्टीत कायद्याने ठरलेला वाटा मिळाला पाहिजे, तोही शब्द-चालीच्या वाट्यासारखाच लिहून देता न येणारा. मूळ संगीतकाराच्या हक्काला त्याने धक्का बसेल असं काही संगीतकार म्हणतील. वाटा एकूण रॉयल्टीतून काढला आणि कंपनीच्या हिश्शातूनही घेतला, तर त्यांचं नुकसान होण्याचं कारण नाही, आणि आजचे बहुतेक तरुण संगीतकार स्वतःच संयोजन करतात, त्यांना तो लाभच आहे. कायदा बदलेपर्यंत थांबायचीही गरज नाही. स्वतंत्रपणे मराठी गाणी काढणारे आज पुणे-मुंबईत, कोल्हापुरात, पणजीत अनेक आहेत. चौघं मिळून गाणं करतात तेव्हा कुणाचे किती टक्के हे ध्वनिमुद्रणाआधी एका कागदावर लिहून चौघांनी सह्या कराव्यात. स्ट्रीमिंगवर गाणं चढवताना संयोजक आणि वादकांची नावं भरावीत. आणि ज्या रेकॉर्ड कंपन्यांकडे, आकाशवाणीच्या केंद्रांकडे जुन्या ध्वनिमुद्रणांच्या नोंदी आहेत, त्यांनी त्या खुल्या कराव्यात. त्या सत्रांना हजर असलेले काही वादक अजून आपल्यात आहेत. कोणत्या गाण्यात व्हायोलिनची ओळ कुणी लिहिली हे त्यांना तोंडपाठ आहे, आणि त्यांच्याकडे जाऊन ते लिहून घेण्याचं काम याच वर्षी सुरू व्हायला हवं.